मॅटॅडोरच्या भिंतीमागे

साताऱ्याहून कऱ्हाडकडे जाताना, किंवा पेठ नाक्यावरून आष्ट्यामार्गे सांगलीला जाताना, एखाद्या गॅरेजच्या मागे बाभळीच्या सावलीत उभी असलेली जुनी मॅटॅडोर अजूनही कधीमधी दिसते. चाकांतली हवा गेलेली, रंगाचे पोपडे सुटलेले, पुढच्या काचेवर धुळीचा थर. मागचं दार जोर लावून उघडलं की आतून ओळखीचा वास येतो. भिजून वाळलेल्या पुठ्ठ्याचा, तापलेल्या रेक्झिनचा आणि थोडासा गंजाचा. लहानपणी वऱ्हाडाबरोबर ज्यांनी मॅटॅडोरमधून मांडीला मांडी लावून प्रवास केलाय, त्यांच्या नाकात तो वास कायमचा बसलेला असतो. माझ्याही बसलाय. डोकं टेकलं की भिंत जरा मऊ लागायची आणि बोटाने टिचकी मारली की आत पोकळ वाजायची. त्या पोकळीत काय असेल, हे कुतूहल मला तेव्हापासूनचं.

ती भिंत म्हणजे पॅनेल. लोखंडी पत्र्याच्या आतल्या बाजूने बसवलेली पातळ फळी, वरून रेक्झिन. जुनी गाडी दुरुस्त करून तिचं फिरतं घर करायचं कुणी मनावर घेतलं, की इंजिनाची चौकशी होते, टायरची होते, रंग कुठला मारायचा यावर घरात भांडणंसुद्धा होतात. पॅनेलची आठवण सगळ्यात शेवटी येते. आणि तेव्हा कळतं की ते कुठल्याच दुकानात तयार मिळत नाही. ते करावं लागतं, त्या एका गाडीसाठी, त्या एका जागेसाठी. ते कसं करतात हे समजून घेताना मी वाफेने फुटणाऱ्या लाकडापर्यंत, एका जर्मन गणितज्ञापर्यंत आणि मिरजेच्या सतारीपर्यंत जाऊन आलो.

आधी गाडीचं नाव. आपण ज्याला सहज ‘टेंपो’ म्हणतो, तो शब्द मुळात हॅम्बुर्गजवळच्या हार्बुर्गमधल्या एका कारखान्याच्या गाड्यांचा. व्हिडाल आणि पुत्र असं त्या कंपनीचं नाव आणि तिच्या गाड्या ‘टेंपो’ या नावाने विकल्या जायच्या. १९५८ मध्ये नवलमल फिरोदियांनी बजाज टेंपो ही कंपनी उभी केली, ती याच जर्मन कारखान्याशी करार करून. आधी तीनचाकी ‘हान्सिआट’ आली आणि कंपनीचं नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसलं. पुढे हान्सिआट रस्त्यावरून गेली, पण शब्द राहिला. आज कुठल्याही कंपनीची मालवाहू गाडी आपल्याकडे टेंपोच असते.

मॅटॅडोरच्या नावाची गोष्ट आणखी मजेशीर आहे. जर्मनीत ‘मॅटॅडोर’ हे नाव १९४९ मध्ये आलेल्या जुन्या गाडीचं होतं. १९६७ मध्ये त्याच हार्बुर्गच्या कारखान्यातून हानोमाग नावाने नवी गाडी बाहेर पडली. चौकोनी तोंडाची, पुढच्या चाकांवर चालणारी. आपल्याकडे पुण्याजवळच्या आकुर्डीत बनलेली मॅटॅडोर या नव्या गाडीची बहीण. अंग नवं, नाव जुन्याचं. जर्मनीत पुढे मर्सिडीजने तो कारखाना ताब्यात घेतला, गाडीवर स्वतःचं चिन्ह लावलं आणि १९७७ मध्ये ती बनवणं थांबवलं. आपल्याकडे मात्र ती जवळजवळ शतक संपेपर्यंत बनत राहिली.

आणि इथे खरी गंमत आहे. या गाडीची पुढची चाकं ओढतात, मागची फक्त लोळतात. त्यामुळे इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा खाली नाही. दांडा नाही म्हणून जमीन खालच्या पातळीवर आणि सपाट. अशा गाडीत माणूस जवळजवळ ताठ उभा राहू शकतो, खाट टाकू शकतो, ओटा बांधू शकतो. जर्मनीत म्हणूनच या हार्बुर्गच्या गाड्यांची फिरती घरं झाली आणि आज तिकडचे हौशी लोक त्या जिवापाड जपतात. ज्या अंगात तिकडे लोक सुट्टीला समुद्रावर गेले, त्याच अंगात इकडे हळदीची पोती, भाजीच्या पाट्या आणि अख्खी वऱ्हाडं गेली. सातारा-सांगलीतली मॅटॅडोर घर म्हणून कुणी पाहिली नाही, पण घर व्हायची तिची तयारी पहिल्यापासून होती.

आता भिंतीकडे येऊ.

गाडीचा बाहेरचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असतो. एवढा मोठा सपाट पत्रा नुसता ठेवला तर तो ढोलासारखा वाजेल आणि हाताने दाबला तरी आत जाईल. म्हणून आतून त्याला बरगड्या असतात, पत्र्याच्याच दुमडून केलेल्या. पत्रा आणि पॅनेल यांच्यामध्ये या बरगड्यांच्या खोलीएवढी पोकळी राहते. मी लहानपणी टिचकी मारून ऐकायचो ती हीच. तिच्यातून वायरी जातात, तिच्यात धूळ साठते आणि तिच्यातच पॅनेलचा घात होतो. घात करणारं पाणी फक्त पावसाचं नसतं, हे मला कळलं तेव्हा मी चकित झालो. ते आपल्या श्वासाचंही असतं.

हिशेब करून बघा. २५ अंश तापमानाची हवा एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम पाण्याची वाफ धरू शकते. १० अंशांची हवा साडेनऊ ग्रॅमसुद्धा धरू शकत नाही. समजा गाडीच्या आत आठ घनमीटर हवा आहे आणि तिच्यात सत्तर टक्के दमटपणा आहे. डिसेंबरच्या रात्री मेढ्याच्या घाटात पत्रा १० अंशांवर आला, तर त्या हवेतून पन्नासेक ग्रॅम पाणी पत्र्यावर उतरू शकतं. हे फक्त मुळात असलेल्या हवेतलं. आत दोन माणसं झोपली असतील तर श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात आणखी अर्धा लिटरच्या आसपास वाफ बाहेर पडते. फ्रीजमधून काढलेल्या तांब्याला जसा घाम येतो, तसा पत्र्याला आतून घाम येतो. थेंब ओघळून खाली जमतात आणि पॅनेलची खालची कड पाण्यात बसते. कुठल्याही जुन्या गाडीचं पॅनेल काढून पाहा, आधी खालची चार बोटं कुजलेली असतात.

त्यातून हा आपला मुलूख. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात पाचशे मिलिमीटरच्या आसपास. सांगलीच्या बाजूला आटपाडी-जतची गत माणसारखीच. सकाळी महाबळेश्वरहून निघालेली गाडी दुपारी माणमधल्या दहिवडीत असते. म्हणजे एका दिवसात ती धुक्यातून फुफाट्यात येते आणि लाकडाची फळी या प्रवासात फुगते, आक्रसते, पुन्हा फुगते. लाकूड मेल्यानंतरही हवेतलं पाणी घेत-सोडत राहतं. साधारण मध्यम दमट हवेत त्याच्यात वजनाच्या बारा टक्के पाणी असतं, पावसाळी हवेत ते वीसच्या घरात जातं.

जुन्या गाड्यांमधली पॅनेलं बहुतेक हार्डबोर्डची असायची. हार्डबोर्डला आपण पुठ्ठ्याचा थोरला भाऊ समजून हलकं लेखतो, पण तो मानवी कल्पकतेचा एक नमुना आहे. अमेरिकेत मिसिसिपीमधल्या लॉरेल गावात विल्यम मेसन नावाचा माणूस लाकूड गिरण्यांमधल्या वाया जाणाऱ्या ढलप्यांचं काय करता येईल या विचारात होता. एडिसनच्या हाताखाली काम केलेला माणूस. त्याने ढलप्या बंद भांड्यात प्रचंड दाबाच्या वाफेत ठेवल्या आणि दाब एकदम सोडला. मक्याची लाही फुटावी तसं लाकूड फुटलं आणि त्याचे तंतू तंतू मोकळे झाले. हा लगदा तापवून दाबला तर त्याची कडक, काळसर, गुळगुळीत फळी बनते, आणि तिच्यात बाहेरून डिंक घालावा लागत नाही. हे १९२४ चं. लाकडाच्या तंतूंना झाडाने जो स्वतःचा डिंक दिलेला असतो, त्याला लिग्निन म्हणतात. तो उष्णतेने मऊ होतो आणि थंड झाल्यावर तंतूंना पुन्हा धरून ठेवतो. झाडाचं झाडपण मोडलं आणि त्याच्याच डिंकाने त्याची फळी केली.

जुन्या हार्डबोर्डची मागची बाजू कधी निरखून पाहा. तिथे चाळणीसारखी बारीक जाळीची नक्षी दिसेल. ती शोभेची नाही. ओला लगदा दाबताना पाणी निघून जावं म्हणून खाली तारेची जाळी ठेवतात, तिचा तो ठसा. मला ती नक्षी फार आवडते. कारखान्यातला एक क्षण त्या फळीच्या पाठीवर कायमचा उमटलेला असतो आणि तो पोकळीकडे तोंड करून बसतो, कुणी बघत नाही अशा जागी.

अशीच फळी उसाच्या चिपाडाचीही होते. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या लुइझियानात सेलोटेक्स नावाची फळी चिपाडापासूनच बनायची. सांगली-साताऱ्याच्या साखरपट्ट्यात हे वाचताना अंगावर काटा येतो. आपल्या कारखान्यांत चिपाड बॉयलरमध्ये जातं आणि वाफ व वीज होऊन बाहेर पडतं. तेही चांगलंच. पण रसवंतीच्या मागे पडलेल्या त्या पांढऱ्या ढिगात भिंतीसुद्धा दडलेल्या आहेत.

तर हार्डबोर्डला पाणी लागलं की काय होतं? दाबून बसवलेल्या तंतूंमध्ये पाणी शिरतं, त्यांची एकमेकांवरची पकड सैल होते आणि ते आपल्या मूळ जाडीकडे परत जाऊ पाहतात. पाण्यात टाकलेले पोहे आठवा. पोह्यांनाही दाबून चपटं केलेलं असतं आणि पाणी मिळताच ते फुगतात. हार्डबोर्ड कडेने फुगतो, कारण कडेला तंतूंची उघडी तोंडं असतात. आणि वाळल्यावर तो पुन्हा पातळ होत नाही. एकदा फुगलेली कड फुगलेलीच राहते. म्हणून जुनी पॅनेलं काठाला जाड आणि मध्ये पातळ लागतात, तव्यावर कडेने फुगलेल्या भाकरीसारखी.

नवीन पॅनेलसाठी आज प्लायवूड घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. प्लायवूडची युक्ती सोपी आणि सुंदर आहे. लाकूड धाग्याच्या दिशेने जवळजवळ अजिबात फुगत नाही, आडव्या दिशेने मात्र कितीतरी पट जास्त फुगतं. ओंडका यंत्रावर फिरवत, शार्पनरमधून पेन्सिलीची साल निघावी तशी त्याची अखंड पातळ साल काढतात आणि तिचे थर एकावर एक उभे-आडवे चिकटवतात. एका थराला जिकडे फुगायचं असतं, तिकडे शेजारच्या थराचा धागा त्याला धरून ठेवतो. शेजाऱ्याने शेजाऱ्याला आवरायचं. थरांची संख्या नेहमी विषम, तीन, पाच, सात. कारण मधल्या थराच्या दोन्ही बाजूंना सारखी ओढ हवी, नाहीतर फळी एका अंगाला वळते.

दुकानात गेलात की दुकानदार ‘वॉटरप्रूफ आहे’ एवढंच सांगेल. त्यावर विसंबू नका. फळीवरचा आयएसआयचा शिक्का आणि त्याच्याखालचा आकडा वाचा. आयएस ७१० हा आकडा मरीन प्लायचा. त्याच्या चाचणीत फळीचे तुकडे ७२ तास, म्हणजे तीन दिवस आणि तीन रात्री, पाण्यात उकळत ठेवतात आणि तरी थर सुटता कामा नयेत. तीन दिवस उकळूनही सुटत नाही असा डिंक माणसाने बनवला. ज्याला शंका असेल त्याने तळहाताएवढा तुकडा कापून घरी पातेल्यात उकळून पाहावा. कमअस्सल फळी पानं सुटलेल्या वहीसारखी उलगडते.

जाडी किती? आपल्याकडचे सुतार अजून सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच, एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. भिंतीला एक ते दीड सूत पुरते. इथे एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे: फळीची जाडी दुप्पट केली की तिचा ताठपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो. म्हणून एका सुताची फळी गाडीच्या पोटाच्या बाकाला हसत वळते आणि दोन सुताची अडून बसते. जाड भिंत हवी आणि बाकही हवा, तर एक सुताच्या दोन फळ्या वळवून मध्ये डिंक लावून दाबून ठेवतात. वाळल्यावर त्या दोघी मिळून तो बाक कायमचा लक्षात ठेवतात.

आता सगळ्यात विलक्षण भाग. माप कसं घ्यायचं?

पहिला विचार असा येतो की जुनं पॅनेल नव्या फळीवर ठेवावं, पेन्सिल फिरवावी आणि कापावं. पण जुनं पॅनेल खोटं बोलतं. ते कडेने फुगलंय, खाली कुजून तुटलंय, मध्ये वाकलंय. डाव्या बाजूचं उलटं करून उजवीकडे लावावं, तर तेही चालत नाही. गाडीच्या दोन बाजू कागदावर सारख्या असतात. पंचवीस वर्षांत किती वेळा ठोकर लागली, किती वेळा डेंटिंग झालं, यावर त्यांचे आकार वेगळे होत जातात. खरा आकार पॅनेलमध्ये उरलेलाच नसतो. तो पत्र्यात असतो, पॅनेल जिथे बसायचं त्या रिकाम्या जागेत. रिकाम्या जागेचं माप घ्यायचं.

त्यासाठी जहाज बांधणारे एक काठी वापरतात, आणि ही काठी पाहिल्यापासून मी तिच्या प्रेमात आहे. एक पातळ पट्टी घ्यायची, तिचं एक टोक अणकुचीदार करायचं आणि तिच्या अंगावर वेड्यावाकड्या खाचा पाडायच्या. भिंतीच्या जागेत मधोमध एक टाकाऊ पुठ्ठा किंवा प्लायचा तुकडा हलणार नाही असा बांधायचा. आता काठीचं टोक पत्र्याच्या कडेला एका बिंदूवर टेकवायचं, काठी पुठ्ठ्यावर पडू द्यायची आणि तिच्या खाचांसकट पेन्सिल फिरवून तिची आकृती काढायची. मग टोक पुढच्या बिंदूवर, पुन्हा आकृती. खिडकीची कड, चाकाचा उंचवटा, दाराची चौकट, असे तीस-चाळीस बिंदू. मग पुठ्ठा बाहेर काढून नव्या फळीवर ठेवायचा आणि काठी एकेका आकृतीवर तंतोतंत बसवत जायची. खाचा वेड्यावाकड्या असल्यामुळे काठी चुकीच्या जागी बसूच शकत नाही. प्रत्येक वेळी तिचं टोक नव्या फळीवर त्याच जागी येतं जिथे ते पत्र्यावर होतं. ठिपके काढा, जोडा, कापा.

या सगळ्यात एकही आकडा नाही. फूट नाही, इंच नाही, सूतसुद्धा नाही. कुणी काही मोजलेलं नसतं आणि तरीही माप अचूक येतं.

जुन्या पॅनेलचा उपयोग तरीही आहे, आणि मोठा आहे. कडांबद्दल ते खोटं बोलत असलं तरी क्लिपच्या भोकांबद्दल खरं सांगतं. कुठे वायर बाहेर येते, कुठे दिव्याचा खड्डा आहे, कुठल्या भोकाला नंतर कुणीतरी स्क्रू मारलाय, हे सगळं त्याच्यावर लिहिलेलं असतं. भोकं पाडताना ती किंचित लांबट ठेवतात, कारण उन्हात पत्रा साठ अंशांपर्यंत तापला तर दोन मीटर लांबीला सुमारे मिलिमीटरभर वाढतो आणि लाकूड तेवढं वाढत नाही. घट्ट गोल भोकात अडकवलेली क्लिप अशा वेळी तुटते किंवा फळीला तडा देते.

बाकाचा प्रश्न मात्र काठीने सुटत नाही. मॅटॅडोरच्या बाजूचा पत्रा एका दिशेने वळलेला असतो, वरून खाली. अशा वळणाला सपाट फळी बसते. पण छताच्या कोपऱ्यात पत्रा दोन्ही दिशांना एकदम वळतो, घागरीच्या खांद्यासारखा. तिथे कितीही दाबा, प्लाय बसत नाही. एकीकडे दाबलं की दुसरीकडे उचलतं. सुताराला वाटतं आपली फळी जाड आहे. तसं नाही. तिथे तो गणिताशी झगडतोय.

१८२७ मध्ये कार्ल फ्रीडरिख गाउसने सिद्ध केलं की पृष्ठभाग न ताणता, न फाडता कितीही वाकवला तरी त्याचा एक अंगभूत बाक बदलत नाही. सपाट कागदाचा हा बाक शून्य. त्याची सुरळी करा, पन्हळ करा, शून्यच राहतो. घागरीचा बाक शून्य नाही, म्हणून सुरकुत्या न पाडता कागद घागरीवर बसवता येत नाही. या प्रमेयाला गाउसने स्वतःच ‘विलक्षण’ असं विशेषण लावलं होतं. ते आपण रोज जेवताना वापरतो. पोळीचा तुकडा एका टोकाला धरला की लोंबतो. तोच बोटाने दुमडून त्याची जराशी पन्हळ केली, की ताठ राहतो. एका दिशेने वळला, आता दुसऱ्या दिशेने वळायला त्याला परवानगी नाही. घरावरचा पन्हळी पत्रा एवढा पातळ असून माणसाचं वजन पेलतो, तो याच कारणाने.

मग कोपऱ्यात काय करायचं? त्याचं उत्तर गावातल्या शिंप्याकडे आहे. सपाट कापडाचा ब्लाउज अंगाला बसावा म्हणून तो टक्स घालतो, म्हणजे कापडाची एक पाचर दुमडून कमी करतो. कुशनवाले कारागीर कोपऱ्यात तेच करतात. फळी तिथे आणतच नाहीत. ती अलीकडे थांबवतात आणि कोपऱ्यावर रेक्झिनला टक्स घालून किंवा गरम हवेने ताणून बसवतात. रेक्झिन ताणलं जातं, प्लाय ताणलं जात नाही. गाउसच्या प्रमेयातून सुटायची वाट एकच: ताण द्या किंवा काप घ्या. ज्यांनी गाउसचं नावही ऐकलेलं नाही, ते रोज ही वाट चालतात.

पातळ लाकडाबद्दल बोलायचं आणि मिरजेला जायचं नाही, हे सांगली जिल्ह्यात शोभत नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तुणीच्या लाकडाची पातळ तबली, म्हणजे सतारीची वरची फळी, भोपळ्याच्या तोंडावर बसवतात. भोपळे पंढरपूरच्या बाजूचे. तबली सपाट नसते, किंचित फुगीर असते, आणि तो फुगवटा वाकवून येत नाही, कोरून काढावा लागतो. गाउसने सांगितलेलं इथेही खरं. फळी दोन्ही दिशांना वळवता येत नसेल, तर जाड लाकडातून तो आकार काढावा लागतो. या कलेची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात झाली. फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन हे मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. शस्त्रांचं काम कमी झालं आणि त्यांच्याकडे वाद्यं दुरुस्तीला येऊ लागली. दुसऱ्याने बनवलेली, मोडलेली वाद्यं उघडून, आतून पाहून, तुटलेला भाग नवा करून बसवता बसवता ते स्वतः वाद्यं बनवायला शिकले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दीड शतकापेक्षा जुन्या या परंपरेच्या मुळाशी दुरुस्ती आहे, हे मला पॅनेलच्या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवतं. मोडलेली वस्तू उघडल्याशिवाय तिच्या आतली रचना दिसत नाही. चांगल्या स्थितीतली गाडी आपल्याला काहीच शिकवत नाही, ती बंद असते.

राहिलं बसवणं. त्याआधी पोकळी स्वच्छ करा. गंज घासून काढा, रेड ऑक्साईड मारा, आणि पत्र्याच्या तळाशी पाणी जायची जी बारीक भोकं असतात ती तारेने मोकळी करा. वर्षानुवर्षांच्या चिखलाने ती बुजलेली असतात आणि अर्धं कुजणं तिथूनच सुरू होतं. पोकळीत साधा स्पंज कोंबू नका. तो घाम पितो आणि पत्र्याला चिकटून ओला बसतो. एसीच्या नळ्यांना गुंडाळतात ते काळं नायट्राईल रबर घ्या. त्याचे बुडबुडे बंद असतात, त्यांच्यात पाणी शिरत नाही. नव्या फळीच्या चारही कडा आणि पाठ, दोन्हींना वॉर्निश द्या. समोरच्या बाजूला रेक्झिन आहेच. लोक दिसणारी बाजू रंगवतात आणि पाठ कोरी सोडतात, तेव्हा फळी एकाच अंगाने पाणी पिते आणि धनुष्यासारखी वाकते.

रेक्झिन चिकटवताना सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबावं लागतं. घाई करणाऱ्याचं रेक्झिन उन्हाळ्यात सुटतं. दारं उघडी ठेवा आणि जवळपास विडी-काडी नको, त्या वाफा भडकतात. रेक्झिनही आगीच्या चाचणीत उतरलेलं मागा. गाडीच्या आतल्या साहित्यासाठी आयएस १५०६१ हे मानक आहे, त्यात आग मिनिटाला १०० मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरता कामा नये. ज्या गाडीत रात्री झोपायचं आहे आणि स्टोव्ह पेटवायचा आहे, तिथे हा आकडा म्हणजे दार गाठायला मिळणारा वेळ आहे.

कायद्याचं थोडक्यात. जुनं पॅनेल काढून तसंच नवं बसवणं वेगळं, आणि मालवाहू किंवा प्रवासी गाडीचं फिरतं घर करणं वेगळं. दुसऱ्यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरटीओची परवानगी लागते. गाडी साताऱ्याची एमएच ११ असो, सांगलीची एमएच १० असो की कऱ्हाडची एमएच ५०, आधी तिथे विचारा. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे, त्यामुळे हा शब्द आता कार्यालयांना अनोळखी नाही.

एक विनंती करून थांबतो. जुनं पॅनेल कितीही कुजलेलं असलं तरी नवं बसून एक पावसाळा निघेपर्यंत भंगारात देऊ नका. आणि नवं बसवण्यापूर्वी त्याच्या पाठीवर तारीख, गाडीचा नंबर, डावी की उजवी बाजू आणि फळीची जाडी लिहा. वीस-पंचवीस वर्षांनी ते पुन्हा कुणीतरी उघडणार आहे आणि त्या माणसाला हे वाचायला मिळालं पाहिजे. पेनाने लिहू नका, पेन्सिलीने लिहा. शाई ओलीत पसरते, पेन्सिलीचं ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही.